मातीपासून दहा फूट

सुज्ञ वाचकहो, प्रस्तुत कथेत एका मनुष्याची विमान-शिक्षकाच्या पदावर नेमणूक कशी झाली, आणि ती होण्याच्या दोन दिवसांत त्याच्या अंतःकरणात काय काय घडले, एवढेच निवेदन करावयाचे योजिले आहे. यात युद्ध नाही, प्रेमप्रकरण नाही, आणि कोणाचा मृत्यूही नाही. आकाशातील पराक्रम वाचण्याच्या अपेक्षेने ज्यांनी हे पान उघडले असेल त्यांची निराशा होईल, हे आरंभीच नमूद करणे मी माझे कर्तव्य समजतो. परंतु मनुष्याचे मन कशाला कसे भिते, आणि भीत असतानाही त्याचे कुतूहल कसे सुटत नाही, हे ज्यांस पाहावयाचे असेल त्यांनी दोन घटका येथे बसावे.

सन १९६३ च्या जानेवारीतील एका गुरुवारी, सकाळी नऊच्या सुमारास, यवतमाळ शहराबाहेरील माळावर दोन खुर्च्यांचे एक जुने टायगर मॉथ विमान धपकन जमिनीवर आदळले. आदळले म्हणजे मोडले नाही; चाकांनी एकदा उसळी घेतली, पंखांच्या तारा झणझणल्या, आणि धुळीचा लोट मागे ठेवून ते सरळ धावत गेले. विमान शिकविण्याच्या शाळेत अशी आपटी रोज दोन-चार वेळा बसते व तिचे कोणास काही वाटत नाही. परंतु पुढच्या खुर्चीत बसलेल्या देवसिंग लखीराम आडे याच्या मणक्यातून जो धक्का वर चढला, तो मस्तकात पोहोचल्यावर विरून गेला नाही. तो तेथेच ठाण मांडून बसला. अशा विमानात दोन खुर्च्या एकीमागे एक असतात. पुढे शिक्षक, मागे विद्यार्थी. दोघांपुढे विमान चालविण्याचा एकेक दांडा असतो, आणि हे दोन्ही दांडे आतून एकमेकांस जोडलेले असतात. मागच्याने हलविला की पुढचाही हलतो. बोलण्यासाठी रबराची एक नळी असते. पुढच्यास मागच्याचे तोंड दिसत नाही. जे काय कळावयाचे ते नळीतून आणि दांड्यातून. त्या दिवशी मागे विद्यार्थी नव्हता. शाळेचे मुख्य शिक्षक भगवानराव इंगोले स्वतः तेथे बसले होते. देवसिंगाची परीक्षा अशी ठरली होती की साहेबांनी आपल्याला काहीच येत नाही असे समजावे, आणि देवसिंगाने त्यांस शिकवावे.

“काय झालं, आडे?” नळीतून आवाज आला.

“विमान आपटलं, साहेब.”

“थे मले समजलं! माझीच पाठ हाय. विद्यार्थी विमान आपटून राह्यला, अन् मास्तर पाहत बसला. दांडा काहून नाही घेतला?”

“आपल्या हातातून कसा घेऊ, साहेब?”

नळीतून साहेबांचे हसू आले. “माझा हात कायले म्हणता? हात शिकाऊ पोट्ट्याचा होता. उद्या सकाळी पुन्हा या. पण उद्या शेवटची. नागपूरचा एक जण अर्ज घेऊन बसलाच हाय.”

देवसिंग खाली उतरला. तो अडतीस वर्षांचा होता. बोरी अरबजवळच्या बंजाऱ्यांच्या तांड्यावर त्याचा जन्म. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हवाई दलात फिटर म्हणून भरती झाला, पुढे नागपुरास विमान शिकला, आणि गेली सहा वर्षे एका कंपनीच्या विमानातून कापसाच्या पिकावर औषध फवारीत होता. आता कंपनीने आपले काम पंजाबात नेले होते. तिकडे जायचे तर आई मानीबाई आणि बायको हंसाबाई यांस आणखी किती वर्षे सोडून राहायचे, हा प्रश्न होता. आईचे वय झाले होते आणि ती गाव सोडण्यास तयार नव्हती. यवतमाळची ही एकच जागा अशी होती की दिवसभर आकाशात राहून संध्याकाळी एस.टी.ने घरच्या भाकरीला जाता येईल. अशा जागेच्या परीक्षेत त्याने दांडा धरला नाही. कचेरीत उड्डाणाची वही परत देताना त्याने ती साहेबांपुढे केली, तेव्हा साहेबांची बोटे वहीच्या अलीकडेच मिटली, आणि मग पुढे सरकून त्यांनी ती घेतली. देवसिंगाने ते पाहिले व सोडून दिले. कारकून बबनराव टंकयंत्रावरून मान वर करून म्हणाला, “काय आडेभाऊ, साहेबानं जमीन दाखवली म्हन्ते! आमच्या खिडकीची काच हालली नं बापा.” देवसिंग हसला. हसण्यावाचून दुसरे करण्यासारखे काही नव्हते.

एस.टी.च्या खिडकीशी बसून बोरीकडे जाताना त्याच्या तळहाताने तो क्षण पुन्हा पुन्हा हाती घेऊन पाहिला. मनुष्य आठवतो तो डोक्याने, असे सर्वत्र समजले जाते; परंतु देवसिंगाचा हात स्वतंत्रपणे आठवीत असे. दांडा आपल्या पोटाकडे आला तो केव्हा? विमान जमिनीपासून दहा फूट असताना. विमान उतरविताना अगदी शेवटी नाक किंचित वर घ्यावे लागते, ते दोन-तीन फुटांवर. दहा फुटांवर घेतले तर विमान हवेतच थबकते आणि दगडासारखे खाली येते. उंची ओळखण्यात देवसिंग चुकणारा नव्हता. पराटीच्या, म्हणजे कापसाच्या झाडांच्या, शेंड्यांवरून हातभर अंतर राखून त्याने सहा वर्षे काढली होती. शिकाऊ लोक दहा फुटांवर ओढतात, हे खरे. पण शिकाऊ हात कसा असतो? तो घाम फुटलेला असतो, ओढतो, घाबरून सोडतो, पुन्हा ओढतो. जोडलेल्या दांड्यातून जो हात आज त्याच्या हाताशी बोलला, त्यास शंका नावाची वस्तूच ठाऊक नव्हती. तो संथपणे, मोठ्या प्रेमाने, योग्य तितकाच मागे आला होता. फक्त जमीन तेथे नव्हती. काय हा अभिनय, असे देवसिंगाच्या मनात आले. आपल्याला जे येते ते येत नाही असे दाखविणे एक वेळ सोपे. परंतु चुकताना आपण बरोबरच आहोत असा हात ठेवणे, हे याने कोठून आणले? हे त्यास इतके विलक्षण वाटले की नोकरी जाण्याची भीतीसुद्धा त्या नवलाच्या मागे जाऊन बसली. त्याने डोळे मिटले आणि विमान चालविता येत नव्हते तेव्हाचा स्वतःचा हात आठवून पाहिला. तसा हात त्यास सापडेना. आपण केव्हा शिकलो? काल येत नव्हते आणि आज आले, असा दिवस कोणता? नागपूरच्या त्याच्या शिक्षकाने त्यास हजार गोष्टी सांगितल्या होत्या, आणि त्यांतील एकही त्याच्या हाताने ऐकली नव्हती. आणि मग एके सकाळी हात आपला आपण करू लागला होता. ज्याला आपले शिकणे आठवत नाही, त्याने दुसऱ्यास काय शिकवावे? समोरच्या बाकावरील म्हाताऱ्याने त्यास दोनदा विचारले, “कोनतं गाव?” तेव्हा त्याने डोळे उघडले, आणि गाव तर मागे गेले होते. त्यास अर्धा मैल उलटे चालावे लागले.

तांड्यावर पोहोचला तेव्हा दुपार कलली होती. मानीबाई अंगणात घड्यातून पितळी लोट्यात पाणी ओतीत होती. तिने डाव्या हाताचे बोट आधी लोट्याच्या काठावर ठेवले, घड्याचे तोंड त्या बोटास टेकविले, आणि मग धार सोडली. देवसिंगाने हे गेल्या दोन वर्षांत पन्नास वेळा पाहिले असेल. परंतु त्या दिवशी त्याच्या मनाला पाहण्याचा चाळाच लागला होता.

“याडी,” तो म्हणाला. त्यांच्या गोरबोलीत आईला याडी म्हणतात. “बोट काहून लावतं तू?”

“एका डोळ्यात ढग आला नं बापा. वरच्या आळीची भुरी म्हन्ते मोतीबिंदू हाय.”

“पण दुसऱ्यानं दिसते ना? लोटा दिसते का नाही?”

“लोटा दिसते चांगला. लोटा दिसते, पन कुठं हाय थे नाई दिसत. हाताले वाटते पोचलो, अन् पानी भुईवर.” आणि ती हसली. “तुले काय मास्तरकी भेटली का परीक्षा घ्यायले?”

देवसिंग उभाच राहिला. हंसाबाई चहाची कपबशी घेऊन आली होती, ती म्हणाली, “चा घेता का नुसतेच वर पाहून राह्यले? इमान इथून नाई दिसत.” त्याने कपबशी घेतली. घेताना त्याची बोटे बरोबर बशीवर पडली, आणि बोटे बशीवर पडतात ही केवढी मोठी गोष्ट आहे, हे त्यास त्या क्षणी समजले. वहीच्या अलीकडे मिटलेली ती बोटे. दहा फुटांवर निःशंकपणे मागे आलेला तो हात. तो अभिनय नव्हता. साहेबांस जमीन दिसत होती. ती कोठे आहे हे दिसत नव्हते.

पुढचा विचार आपोआप येऊन बसला, तो असा: शाळेचे सहा विद्यार्थी रोज त्याच माणसाबरोबर उडणार. शिकाऊ चुकणार आणि शिकविणारा ती चूक चूक म्हणून ओळखणार नाही. आज आपटीवर भागले. आणि त्याच्या मागोमाग दुसरा विचार आला: हे त्यांस सांगणार कोण? सांगणाऱ्याचा अर्ज त्यांच्याच मेजावर पडला होता. शिवाय देवसिंगाच्या हाडामांसात एक जुनी गोष्ट मुरलेली होती. त्याच्या आज्याच्या काळी तांड्याचे लोक बैलांच्या पाठीवर धान्यमिठाच्या गोण्या लादून मुलूखभर फिरत. पुढे तांड्याचा नायक चाले. वाट तोच ठरवी. तो नायक म्हातारा झाला आणि त्याची दृष्टी गेली, तेव्हा कोणी त्यास तसे म्हटले नाही. लोकांनी एक जाणता बैल गळ्यात घंटा बांधून त्याच्या पुढे सोडला. रोज पहाटे सर्व जण नायकापुढे उभे राहून विचारीत, “नायक, आज कोन्या अंगानं?” नायक हात दाखवी, लोक ‘बरं’ म्हणत, आणि बैल जिकडे जायचा तिकडेच जाई. घंटेमागे चालता चालता नायक आपल्याच मानाने मेला. वडील लखीराम ही हकीकत सांगताना ताठ बसत. “त्याले कधी समजू देल्लं नाही,” असे ते म्हणत. देवसिंगाने लहानपणी एकदा विचारले होते, “बा, पण त्याले खरंच समजलं नसन का?” वडिलांनी त्यास पोहायला जा म्हणून सांगितले होते. तो प्रश्न तेव्हापासून तसाच पडून होता, आणि आता तो उठून बसला. वडीलमाणसाच्या हातातली वस्तू आपण ओढून घ्यायची नाही; ती निसटू लागली तर खालून अलगद हात लावायचा, वरून दिसता कामा नये. असा त्यांच्याकडील रिवाज. देवसिंग चहा प्यायला, आणि त्याच्या मनात एक युक्ती तयार झाली. ती युक्ती वाईट आहे असे त्यास वाटले नाही. उलट तिच्या नाजूकपणाचे त्यास कौतुक वाटले.

शुक्रवारी सकाळी हवा निवांत होती. विमान वर गेले, माळाला वळसा घालून उतरणीस लागले. देवसिंगाने दांडा नुसत्या दोन बोटांत धरला होता, पक्ष्याचे पिलू धरावे तसा. दहा फूट आले. मागचा हात प्रेमाने मागे येऊ लागला, आणि देवसिंगाच्या दोन बोटांनी त्यास इतकाच नकार दिला की तो नकार आहे हे कळू नये. दांड्याचा जुनाट ताठरपणा वाटावा. सात फूट. पाच. तीन फुटांवर बोटे सैल झाली, आणि मागच्या हाताची इच्छा पूर्ण झाली. चाके गवतास लागली ती केव्हा हे कोणास कळले नाही. या क्षणी देवसिंगास जे सुख झाले ते त्याने आजवर स्वतःच्या कोणत्याही उतरण्यात अनुभवले नव्हते. दुसऱ्याच्या हाताच्या आत आपला हात घालून त्यास त्याचेच यश परत देणे! शिकविणे म्हणजे हेच काय, असे त्यास वाटले.

“आडे!” नळीतून ओरड आली. आवाज पंचवीस वर्षांच्या माणसासारखा होता. “पाह्यलं? असं उतरवतात! आता परीक्षा-फरिक्षा राहू द्या. तुमची नेमणूक पक्की समजा. उतरा तुम्ही खाली.”

“झालं, साहेब?”

“तुमचं झालं. मी एकटाच एक चक्कर मारतो. महिना झाला एकटा उडालो नाही. सांगू नका कोणाले, पण महिनाभरापासून या जमिनीचं अन् माझं पटतच नव्हतं. वाटे, वय झालं. आज पटलं पाहा!”

इंजिन संथपणे फटफटत होते. देवसिंगाने कमरेचा पट्टा सोडण्यासाठी हात नेला आणि तो तेथेच राहिला. घंटा बांधलेला बैल पुढे चालत असतो, तोवर सर्व ठीक असते. बैल बाजूला झाला, आणि नायक पुढे निघाला, तर? वडिलांच्या हकीकतीत असा दिवस कधी आला नव्हता. आपण साहेबांचा मान राखला नव्हता. आपण त्यांच्या हातात एक खोटी जमीन ठेवली होती, आणि ते आता तिच्यावर एकटे उतरणार होते.

“मी उतरत नाही, साहेब.”

“काय?”

“मी खाली उतरत नाही. आत्ता विमान मी उतरवलं. दांडा मी धरून होतो.”

देवसिंगास मागे पाहता येत नव्हते, आणि पाहता आले असते तर तो बोलू शकला नसता, हेही त्यास उमगले. तो समोरच्या फिरत्या पंख्याशी बोलल्यासारखा बोलत राहिला. “आपण दहा फुटांवर ओढता. कालही तेच. मले वाटलं नाटक हाय. ते नाटक नव्हतं.”

“आडे, तुमचा अर्ज माझ्या मेजावर हाय. विसरून राह्यले का तुम्ही?”

“नाही, साहेब. तोच डोळ्यापुढं हाय.”

“मंग दोन्ही हात बाहेर काढा. वर, काठावर ठेवा. मले दिसले पाहिजेत. जिथंवर मी बरोबर, तिथंवर हलवाचे नाहीत. मी खोटा ठरलो तर घ्या. अन् खरा ठरलो, तर इथून सरळ बोरीची एस.टी. धरा.”

विमान पुन्हा वर गेले. देवसिंगाचे दोन्ही हात उघड्या खुर्चीच्या काठावर वाऱ्यात पडले होते आणि थंडीने बधिर होत होते. त्याला आपल्या हातांची दया आली. अशा बिनकामाच्या स्थितीत त्यांनी आकाश कधी पाहिले नव्हते. खाली माळ, माळापलीकडे वेचणी झालेल्या पराट्यांची काळी-करडी शेते, एका बांधावर बसलेल्या बाया. त्याच्या मनात एक वेडी इच्छा उत्पन्न झाली, ती अशी की साहेब बरोबर ठरावेत. मी खोटा ठरावा, मोतीबिंदू माझ्या डोक्यात निघावा, आणि मी एस.टी. धरावी. विमान उतरणीस लागले. पन्नास फूट. तीस. मागून साहेब काहीतरी गुणगुणत असल्याचे नळीतून ऐकू येत होते. दहा फूट आले, आणि दांडा, कोणी न धरलेला, देवसिंगाच्या गुडघ्यांमध्ये आपणहून, संथपणे, मोठ्या निःशंकपणे मागे येऊ लागला. एकट्या दांड्याचे ते चालणे तो पाहत राहिला. याहून एकाकी वस्तू त्याने पाहिली नव्हती.

“दांडा माझा, साहेब!” तो ओरडला.

हात काठावरून आत आले. इंजिनास जोर दिला, नाक खाली नमविले, आणि दांड्यावर पलीकडून अडून बसलेला हात त्यास जाणवला. एक क्षणभर दोघांचे बळ त्या लोखंडात समोरासमोर उभे राहिले. मग पलीकडचा हात सुटला. हिसका न देता, एकेक बोट करून. देवसिंगाने विमान उतरविले. उतरणे चांगले झाले नाही. डावे चाक आधी टेकले. त्याने इंजिन बंद केले, आणि तापलेल्या धातूची टिकटिक तेवढी राहिली.

“किती होतो?” साहेबांनी विचारले. आता नळीची गरज नव्हती.

“दहा फूट.”

“मले तर गवताची काडी न् काडी दिसत होती, आडे.”

“दिसत असन, साहेब. काडी दिसते, पण कुठं हाय थे नाही दिसत.”

“हे कोण्या डॉक्टरानं सांगितलं तुम्हाले?”

“माझ्या आईनं. तिच्या एका डोळ्यात मोतीबिंदू हाय. लोट्यात पाणी घेते बोट लावून.”

भगवानरावांनी कमरेचा पट्टा सोडला. मग म्हणाले, “मी चहा बशीत ओतनं सोडून देल्लं दिवाळीपासून. घरचीले म्हन्तलं, तब्येतीले चांगलं नसते.” खाली उतरताना त्यांचा पाय पायरीच्या अलीकडे हवेत पडला. देवसिंगाने हात पुढे केला, आणि या वेळी तो लपविला नाही.

कचेरीत बबनरावाने टंकयंत्रात कागद चढविला. “काय लिहू, साहेब? साहाय्यक शिक्षक?”

“साहाय्यक नाही. शिक्षक. आजपासून सगळे विद्यार्थी यांच्याबरोबर उडतील. मी खाली वर्ग घेईन. अन् सोमवारी नागपूरले जाईन डोळे दाखवाले. थेही लिहून ठेवा, नाहीतर मी जायचा नाही.”

बबनरावाची थट्टा त्या वाक्यापाशी आटली. तो खाली मान घालून टंकू लागला. देवसिंग मेजाच्या बाजूस उभा होता. हवी ती नोकरी, तीही मागितल्याहून मोठी, अक्षर अक्षर करून त्याच्या डोळ्यांदेखत उमटत होती. आणि त्यास आनंद होत होता, हे तो नाकारीत नव्हता. परंतु हा आनंद कोणाच्या तरी खुर्चीवर बसून पाय हलवीत होता, आणि देवसिंग त्याच्याकडे परक्या मुलाकडे पाहावे तसा नवलाने पाहत होता. कागद साहेबांपुढे आला. त्यांनी टाक घेतला, दौतीत बुडविला, आणि सहीच्या जागेवर आणला. टाकाचे टोक कागदाच्या वर अर्धे बोट थांबले. त्यांच्या चेहऱ्यावरून ते लिहू लागणार असेच दिसत होते. कागद उचलून टाकास लावणे देवसिंगास सहज शक्य होते. त्याचा हात त्यासाठी निघालाही होता. त्याने तो परत घेतला.

“अजून खाली, साहेब,” तो मोठ्याने म्हणाला. “अजून थोडं. हां. आता टेकलं.”

भगवानरावांनी सही केली.

वाचकहो, कथा येथे पुरी झाली. देवसिंगाच्या मनात मी माझ्या अल्प बुद्धीने जितका शिरू शकलो तितके सांगितले. जेथे शब्द जड झाले असतील तेथे भाव मात्र खरा आहे, असे मानून घ्यावे. आपल्या कामधंद्यातून वेळ काढून आपण माझ्यासारख्या खेडवळ माणसाचे लिहिणे शेवटपर्यंत वाचलेत, याबद्दल बोरी अरबचा रहिवासी नेमसिंग हिरामण चव्हाण आपणा सर्वांचा मनापासून आभारी आहे.